उशिरा व कमी दाबाने

देखभाल-दुरुस्तीच्या कामानिमित्त गुरुवारी पाणीपुरवठा बंद राहील व शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने होईल. पुण्यात राहणाऱ्याला हे वाक्य तोंडपाठ असतं. पेपरात ते आलं की आपण पिंपं भरतो, बादल्या भरतो, चहाचं पातेलंसुद्धा भरून ठेवतो आणि ते वाक्य लिहिणाऱ्या अनाम अधिकाऱ्याला मनातल्या मनात दोन शब्द ऐकवतो. हा अधिकारी घरी गेल्यावर त्याच्याशी कोणी धड बोलत असेल का, हा प्रश्न मला पूर्वी कधी पडला नव्हता. आता पडतो. कारण आमच्या घरात तो अधिकारी मी आहे. माझ्या ताब्यात पाणी नाही, सर्व्हर आहे. बाकी खात्याचा कारभार तोच.

सर्व्हर म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर काचेची थंडगार खोली आणि निळे दिवे लुकलुकणारी उंच कपाटं येतात. माझा सर्व्हर दारामागच्या चपलांच्या कपाटावर आहे. ह्याचं तांत्रिक कारण असं, की इंटरनेटची वायर तिथून घरात शिरते आणि घरातला एकमेव मोकळा प्लग तिथेच आहे. यंत्र म्हणजे कुठल्याशा कंपनीने सेवानिवृत्त केलेला बुटक्या चणीचा डेस्कटॉप. घेताना दुकानदाराने आपुलकीने विचारलं, "विंडोज टाकून देऊ का साहेब?"

"नको. लिनक्स टाकणार आहे."

"मुलाचा प्रोजेक्ट?"

"नाही. माझाच."

त्यावर तो काही बोलला नाही. आत जाऊन त्याने एक जुना कीबोर्ड आणला आणि फुकट दिला. ह्या माणसाला पुढचं सगळं दिसलं असणार.

ह्या उद्योगाच्या मुळाशी माझा एक मित्र आहे. आमचे फोटो साठवून ठेवणारी कंपनी 'तुमची जागा संपत आली' असं रोज सकाळी कळवायला लागली, तेव्हा मी त्याच्यापाशी कुरकुर केली. तो म्हणाला, "आपले फोटो दुसऱ्याच्या कम्प्युटरवर ठेवायचेच कशाला? स्वतःचा सर्व्हर टाक. सगळं फुकट असतं, आणि कुणाची ताबेदारी नाही." फुकट हा शब्द पुणेकराला ऐकवताना माणसाने जबाबदारीने वागलं पाहिजे. सॉफ्टवेअर फुकट होतं, हे खरं. मग दोन डिस्क आल्या. त्या दोन्ही एकाच यंत्रात असतात, म्हणजे त्याला बॅकअप म्हणता येत नाही असं मित्राने नंतर सांगितलं. म्हणून तिसरी आली. लाइट जाते म्हणून यूपीएस आला. तपकीर गल्लीतून वायरी आल्या. शेवटी बाबांनी वॅट मोजणारं एक छोटं उपकरण आणून प्लगला लावलं आणि कागदावर हिशेब मांडला: 25 वॅट, 24 तास, 30 दिवस. "तुझं ते फुकटचं महिन्याला 18 युनिट खातं," ते म्हणाले, आणि तो कागद त्यांनी स्कॅन करून सर्व्हरवरच ठेवायला लावला.

कारण बाबा हे आमच्या सर्व्हरचे सर्वांत मोठे ग्राहक. 1994 पासूनची विजेची बिलं त्यावर आहेत. आईची कॅसेटवरून उतरवलेली नाट्यगीतं आहेत. सगळ्या खानदानाचे फोटो आहेत. नाशिकच्या मामांपासून न्यू जर्सीतल्या चुलतबहिणीपर्यंत जो तो त्यात डोकावतो. शिवाय घरभरच्या मोबाइलवरच्या जाहिराती अडवायचं काम मी त्याच्याकडे दिलं. ह्याचा अर्थ असा, की घरातला कुठलाही फोन कुठल्याही संकेतस्थळावर जायच्या आधी चपलांच्या कपाटावरच्या ह्या गृहस्थाला पत्ता विचारतो. ते झोपले की घरातलं इंटरनेट झोपतं. हे मी घरी सांगितलं नव्हतं. वेळ आली तेव्हा कळलंच त्यांना.

आईने ह्या यंत्राला पहिल्या आठवड्यातच घरात घेतलं. तिने त्याच्यासाठी क्रोशाचा रुमाल विणला. टीव्हीवर होता, मिक्सरवर होता, ह्याच्यावर का नको? रुमालाने हवा जायच्या जाळ्या झाकल्या गेल्या आणि यंत्र तापून आपोआप बंद पडायला लागलं. मी मात्र त्या वेळी रात्ररात्र लॉग वाचत बसलो होतो. दसऱ्याला त्याची पूजा झाली. चालू करायच्या बटणावर हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. फुलाची एक पाकळी पंख्यात गेली आणि सीमोल्लंघनाला निघेपर्यंत घरात टरटर आवाज येत राहिला. "बोलतोय तो," आई कौतुकाने म्हणाली.

मित्राच्या सल्ल्याने मी त्यावर डेबियन नावाचं लिनक्स घातलं. इयान मर्डॉक नावाच्या विद्यार्थ्याने 16 ऑगस्ट 1993 रोजी ह्या प्रकल्पाची घोषणा केली. नाव ठेवताना त्याने मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयान अशी दोन नावं जोडली. पुढे त्यांचं लग्न झालं, त्यापुढे घटस्फोटही झाला. जोडनाव तेवढं टिकलं. आज जगभर विखुरलेली हजारभर स्वयंसेवक मंडळी हा प्रकल्प चालवतात. त्यांची लेखी घटना आहे, दर वर्षी नेत्याची निवडणूक होते, आणि कुणालाही पगार नसताना ते एकमेकांशी तत्त्वासाठी कडाकडा भांडतात. हे वाचल्यावर मला फार घरच्यासारखं वाटलं.

डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' ह्या सिनेमातल्या खेळण्यांची नावं असतात. प्रकल्पाच्या सुरुवातीच्या काळात धुरा सांभाळणारे ब्रूस पेरेन्स तेव्हा पिक्सारमध्येच नोकरीला होते, त्यामुळे हे सुरू झालं आणि मग थांबवायचं कुणाला सुचलं नाही. 2000 साली आलेल्या आवृत्तीचं नाव होतं 'पोटॅटो'. म्हणजे जगातले कित्येक गंभीर चेहऱ्याचे सर्व्हर दोन वर्षं बटाट्यावर चालले. आणि जी आवृत्ती कायम अर्धवट, कायम मोडकी असते, तिला सिनेमातल्या शेजारच्या खेळणी मोडणाऱ्या पोराचं, सिडचं नाव कायमचं दिलेलं आहे. माझ्याकडे 12 वी आवृत्ती होती, 'बुकवर्म'. चष्मा लावून वाचत बसणारा हिरवा किडा. उत्तम चालला होता. त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या जून 2026 पर्यंत मिळणार होत्या. घाई कुणालाच नव्हती.

पण 9 ऑगस्ट 2025 ला 13 वी आवृत्ती आली, आणि ती आली राखी पौर्णिमेच्या दिवशी. मी आदल्या दिवशी मित्राशी फोनवर बोलत होतो. फोन ठेवला तर आई समोर उभी.

"कोण येतंय उद्या?"

"कोणी नाही गं. ट्रिक्सी येतेय."

"ट्रिक्सी कोण? जेवायला आहे का? नारळीभात करणार आहे मी."

"अगं, डायनासोर आहे ती. खेळण्यातला. ट्रायसेराटॉप्स."

आईने क्षणभर विचार केला. "मांसाहारी का?"

"नाही, शाकाहारी असतात ते."

"मग हरकत नाही," ती म्हणाली आणि नारळ खवायला गेली.

सर्व्हर बाळगणाऱ्या माणसाला नवी आवृत्ती आल्याचं कळलं की त्याची झोप जाते. जुन्यात काय वाईट आहे हे त्याला सांगता येत नाही, नव्यात काय चांगलं आहे हेही धड माहीत नसतं; आपण मागे आहोत एवढंच डाचत राहतं. दुसरीकडे त्याचा आणखी एक अभिमान असतो: यंत्र किती काळ सलग चालू आहे ह्याचा. 'अपटाइम' ही आज्ञा दिली की तो आकडा दिसतो. मी पाहुण्यांना तो दाखवतो. पाहुणे 'वा' म्हणतात आणि घड्याळाकडे बघतात. नवी आवृत्ती घालायची तर यंत्र बंद करून चालू करावं लागणार, म्हणजे तो आकडा पुन्हा शून्यावर. नवं हवं आणि जुनं मोडायचं नाही, असा हा पेच आहे. बहुतेक घरांत तो किचन ट्रॉलीवरून होतो. आमच्याकडे लिनक्सच्या गाभ्यावरून, म्हणजे कर्नलवरून झाला.

तशात मुहूर्त सापडेना. ऑगस्टअखेर गणपती. दहा दिवस सगळ्या भावंडांचे फोटो धडाधड चढत असताना सर्व्हर बंद करणं म्हणजे घरातून बाहेर पडण्याची तयारी. गणपती गेले तर पितृपक्ष. "पंधरवड्यात नवं काही करू नये," आई म्हणाली. "अगं, नवं नाही, आहे त्याचीच नवी आवृत्ती." "म्हणजे नवंच ना?" तर्क बिनतोड होता. मग नवरात्र आणि आईची नाट्यगीतं. शेवटी दिवाळीच्या सुट्टीला जोडून वसुबारसेची रात्र ठरली, आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर मी रीतसर सूचना टाकली:

'सर्व ग्राहकांना कळविण्यात येते की, आवृत्ती अद्ययावत करण्याच्या तातडीच्या कामानिमित्त शुक्रवारी रात्री दहापासून फोटो, गाणी, कागदपत्रे व इंटरनेट सेवा बंद राहतील. शनिवारी सकाळी सेवा उशिरा व कमी दाबाने सुरू होतील. कृपया सहकार्य करावे.'

मामांनी न वाचता हात जोडले. आत्याने गुलाबाचं फूल पाठवलं. बाबा शेजारच्या खोलीत होते, तरी त्यांनी लेखी विचारलं, 'तातडीच्या म्हणजे काय? ऑगस्टपासून ऐकतो आहे.' बायकोने लिहिलं, 'शनिवारी धनत्रयोदशी आहे.' न्यू जर्सीहून प्रश्न आला, 'दादा, रात्री दहा म्हणजे कुणाचे दहा?' हा प्रश्न मर्मावर होता. आमचे रात्रीचे दहा म्हणजे तिच्या दुपारच्या साडेबारा. पूर्वी मराठी माणूस एका गावात राहायचा तेव्हा सगळं गाव झोपल्यावर काम करता येत होतं. आता कुटुंबातलं कोणी ना कोणी कायम जागं असतं आणि त्याला नेमका तेव्हाच मुंजीचा फोटो हवा असतो.

डेबियनची माणसं नव्या आवृत्तीबरोबर एक मोठं टिपण देतात. काय बदललं, काय मोडू शकेल, आधी काय करावं, सगळं त्यात स्वच्छ लिहिलेलं असतं. बॅकअप घ्या. मधली आवृत्ती गाळून उडी मारू नका. दुसऱ्या कम्प्युटरवरून काम करत असाल तर जोडणी तुटली तरी काम चालू राहील अशी व्यवस्था करा. हे मी सगळं वाचलं. वाचताना मान डोलावली. विम्याची कागदपत्रं वाचताना सुशिक्षित माणूस डोलावतो तशी.

रात्री दहाला सुरुवात झाली. यादीत जिथे जिथे 'बुकवर्म' होतं तिथे 'ट्रिक्सी' लिहायचं आणि 'ॲप्ट' नावाच्या कार्यक्रमाला सांगायचं, आण सगळं नवं. ह्या ॲप्टच्या अंगात महागाईची शक्ती असल्याचं त्याच्या मदतीच्या पानावर लिहिलेलं असतं. महागाई म्हणजे मोठी गाय. त्याला 'मू' अशी आज्ञा दिली की तो विरामचिन्हांची गाय काढून दाखवतो. योगायोगाने वसुबारस; मी आईला हाक मारून पडद्यावरची गाय दाखवली. तिने चष्मा लावून नीट पाहिलं.

"वासरू कुठंय?"

वासरू नव्हतं. बारस गाय-वासराची असते, नुसत्या गाईची नाही. तिचा चेहरा तेव्हाच उतरला होता. मी शकुन मानत नाही.

अर्ध्या तासाने पहिला प्रश्न आला. एका फाइलबद्दल यंत्राचं म्हणणं असं, की ही फाइल तुम्ही किंवा एखाद्या स्क्रिप्टने बदललेली आहे. आता नवी आली आहे. नवी घेऊ का जुनी ठेवू? 'तुम्ही किंवा एखाद्या स्क्रिप्टने' हा शब्दप्रयोग किती सभ्य आहे! घरात बरणी फुटल्यावर आमच्याकडे अशी भाषा कोणी वापरत नाही. 'वाय' दाबलं तर नवी, 'एन' दाबलं तर जुनी, 'डी' दाबलं तर दोघींतला फरक. काहीच न सुचल्यास नुसतं एंटर दाबावं, म्हणजे आहे तेच राहतं. मी फरक पाहिला. माझ्या हस्ते घातलेली एक ओळ त्यात होती आणि तिच्यावर टीप होती: 'तात्पुरतं. रविवारी नीट करणे.' कुठला रविवार, ते लिहिलं नव्हतं. मी एंटर दाबलं. पुढच्या प्रत्येक प्रश्नाला एंटर दाबलं. म्हणजे नवी आवृत्ती घालायला बसलेल्या माणसाने प्रत्येक ठिकाणी जुनंच राहू दे असं सांगितलं.

मग काम थांबलं. यंत्रावर जागा शिल्लक नाही, असा निरोप. बाबा पाणी प्यायला उठले होते.

"चार टीबीची डिस्क आणलीस ना? मग जागा कशी नाही?"

"ती वेगळी बाबा. यंत्र सुरू होताना जे लागतं त्याचा कप्पा वेगळा असतो. तो लहान आहे."

"लहान का ठेवला?"

"तेव्हा पुरत होता."

त्या कप्प्यात जुने कर्नल साठले होते. नवा कर्नल आला की जुना टाकायचा असतो, पण न जाणो कधी लागला तर, म्हणून मी ठेवत गेलो. टिपणात लिहिलं होतंच, हा कप्पा निदान 768 एमबीचा असावा आणि त्यात 300 एमबीच्या आसपास मोकळं असावं. ह्याच वाक्याला मी मान डोलावली होती.

जुने कर्नल काढले, काम पुढे सरकलं, आणि मध्यरात्र उलटल्यावर सगळं पार पडलं. शेवटची आज्ञा: यंत्र बंद करून पुन्हा चालू. पंखा घुमला. दिवा लागला. मी खोलीतून त्याला हाक मारली, म्हणजे पिंग केलं. उत्तर नाही. पुन्हा केलं. नाही. चपलांच्या कपाटावर तो जिवंत होता, दिवा लुकलुकत होता, पण बोलायला तयार नव्हता.

ह्याचं कारण दुसऱ्या दिवशी कळलं, ते इथेच सांगतो. लिनक्समध्ये नेटवर्क कार्डाला नाव असतं. पूर्वी साधं 'ईटीएच-शून्य' असायचं. पण ही नावं कधी कधी आपोआप अदलाबदल होतात म्हणून एक नवी पद्धत निघाली. कार्ड कुठल्या खाचेत बसलंय त्यावरून नाव ठरतं आणि ते बदलत नाही. ह्या पद्धतीलाच 'प्रेडिक्टेबल' म्हणतात. माझ्या कार्डाचं नाव नव्या आवृत्तीत बदललं. बदलू शकेल, असं टिपणात लिहिलं होतं. माझ्या फाइलमध्ये मात्र जुनं नाव होतं, कारण ती जुनीच राहू दे असं मी स्वतःच ठासून सांगितलं होतं. सर्व्हर नव्या नावाने बसला होता आणि जुन्या नावाने आलेलं काहीही स्वीकारत नव्हता.

धनत्रयोदशीच्या सकाळी इंटरनेट नव्हतं. लेकीचा मोबाइल डेटा संपला होता. "बाबा, जाहिराती परत आल्या तरी चालतील," ती म्हणाली, "पण नेट आणा." सर्व्हरला स्वतःचा पडदा नाही, म्हणून त्याला उचलून हॉलमध्ये टीव्हीला जोडला. दुकानदाराने दिलेला कीबोर्ड काढला. बायको स्वयंपाकघरात चकल्या करत होती, आई कंदील लावत होती, आणि 43 इंची टीव्हीवर काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरसर वर जात होत्या. एवढ्यात शेजारच्या काकू सोऱ्या मागायला आल्या. टीव्ही बघून त्या दारातच थबकल्या.

"काय झालंय? कुठली बातमी आहे?"

"बातमी नाही हो," बायको म्हणाली, "ह्याचा सर्व्हर बंद पडलाय."

"अगं बाई. कधीपासून?"

"काल रात्रीपासून."

काकू माझ्या शेजारी टेकल्या. थोडा वेळ त्यांनीही ओळी वाचल्या. मग समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "आमच्याकडचे फोटो आपोआप कुठंतरी जातात. कुठं जातात ते माहीत नाही. पण जातात."

मी आजवर डेटाच्या मालकीबद्दल जेवढं वाचलं, जेवढं मित्रांना ऐकवलं, त्यातलं एकही वाक्य मला त्या क्षणी आठवेना.

दरम्यान बाबांनी परस्पर इंटरनेटवाल्यांकडे तक्रार नोंदवली होती. सणाचा दिवस असूनही एक तरुण तासाभरात हजर झाला. त्याने राउटरला आपला फोन जोडला, काही खटपट केली आणि व्हिडिओ चालू करून दाखवला.

"लाइन ओके आहे काका. मध्ये हे काय बसवलंय?"

सगळ्यांनी टीव्हीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"ह्याला बायपास करू?" तो म्हणाला. "दोन मिनिटांत सगळं सुरळीत होईल."

"करा," असं घरातले चारजण एकदम म्हणाले. आमच्या घरात एकमत व्हायची ही पहिलीच वेळ असावी. त्याने ते दोन मिनिटांत करून दिलं, चकली खाल्ली आणि जाताना मला म्हणाला, "सर, छंद चांगला आहे."

नेट आलं, त्यामुळे जनक्षोभ थोडा ओसरला आणि मला सर्व्हरकडे निवांत बघता आलं. कार्डाचं नाव दुरुस्त केलं. तो बोलायला लागला. पण फोटो दिसेनात. पीएचपी ही भाषा 8.2 ची 8.4 झाली होती, आणि फोटो दाखवणाऱ्या कार्यक्रमाची माझ्याकडची आवृत्ती इतक्या नव्या पीएचपीशी बोलत नव्हती. त्याला वर चढवायचा तर एकेक पायरीने. मधली गाळता येत नाही. पोस्टग्रेस हा डेटाबेस 15 वरून 17 वर गेला होता. म्हणजे गेला नव्हता, 15 भरलेला तसाच होता आणि त्याच्या शेजारी नवा कोरा 17 उभा होता. सामान आपण हलवायचं. तेही हलवलं.

ह्या गडबडीत मामांचा फोन. "अरे, तुझ्या त्या साइटवर चोर शिरलेत. फोन सांगतोय, पुढे जाऊ नका, माहिती चोरतील."

"चोर नाहीत मामा. प्रमाणपत्राची मुदत संपली. लेट्स एन्क्रिप्ट म्हणून संस्था आहे, ती देते. होईल आता नवीन."

"किती दिवसांचं असतं?"

"नव्वद."

"आणि घेते किती?"

"काही नाही. फुकट."

"मग नव्वद म्हणजे पुष्कळ झाले," मामा म्हणाले.

लक्ष्मीपूजनाच्या सुमारास सर्व्हर पूर्ण उभा राहिला. फोटोंच्या कार्यक्रमाने मात्र नव्या घरात आल्या आल्या ठरवलं, की प्रत्येक फोटोची छोटी प्रत आपण पुन्हा नव्याने बनवायची. त्या बुटक्या डेस्कटॉपने घाम गाळत ते काम आठवडाभर केलं, आणि मी सूचनेत लिहिलेलं वाक्य शब्दशः खरं झालं. फोटो उघडायचे, पण वरून खाली, एकेक पट्टी. न्यू जर्सीहून बहिणीचा निरोप आला, 'दादा, लग्नाचा अल्बम उघडलाय. मुंडावळ्या आल्यात. नवरा अजून यायचाय.' अर्ध्या तासाने दुसरा: 'मिशीपर्यंत आला.'

पाडव्याला ओवाळून झाल्यावर बायकोने शांतपणे चौकशी केली.

"झालं सगळं?"

"झालं."

"फोटो तेच आहेत ना?"

"हो."

"आईंची गाणी? बाबांची बिलं?"

"सगळं तेच, जसंच्या तसं."

"मग नवीन काय झालं?"

मी तिला सांगितलं, की ॲप्टच्या याद्या आता रंगीत दिसतात. काढायच्या वस्तू लाल, घालायच्या हिरव्या. तिने त्या पाहिल्या. छान आहेत म्हणाली. तिचा आवाज लहान मुलाचं चित्र बघतानाचा होता. चारच दिवसांनी बाबांनी सर्व्हरवरून 2003 सालचं एक वीजबिल शोधून काढलं, कुणाला तरी ते पुरावा म्हणून हवं होतं, आणि दिवसभर ते आल्यागेल्याला सांगत होते, "आमच्याकडे सगळं आमच्याच घरात असतं. बाहेर काही ठेवत नाही आम्ही." श्रेय कुणाचं, हे खात्याच्या अधिकाऱ्याने विचारायचं नसतं. नळाला पाणी आलं की नळाचं कौतुक होतं.

जाहिराती अडवायचं काम अजून सर्व्हरकडे परत आलेलं नाही. त्याबद्दल घरात मतदान झालं आणि मी अल्पमतात आहे.

ट्रिक्सीला नेहमीच्या दुरुस्त्या ऑगस्ट 2028 पर्यंत आणि नंतर दीर्घ मुदतीच्या योजनेतून जून 2030 पर्यंत मिळणार आहेत. तेव्हा तोवर मला काहीही करायची गरज नाही, हे मी लेखी देऊ शकतो. पण डेबियनची नवी आवृत्ती साधारण दर दोन वर्षांनी येते, आणि पुढच्या आवृत्तीचं नावही जाहीर झालेलं आहे: 'फोर्की'. प्लॅस्टिकच्या काटेचमच्याला डोळे चिकटवून केलेलं हे खेळणं आहे, आणि सिनेमात ते संधी मिळेल तेव्हा कचऱ्याच्या डब्यात उडी मारतं. सबब नाशिक, पुणे व न्यू जर्सी येथील सर्व नातेवाइकांना नम्र विनंती: ज्यांना आपापल्या लग्नाचे, मुंजीचे, बारशाचे फोटो मिशीसकट हवे असतील त्यांनी ते आत्ताच उतरवून घ्यावेत. मी स्वतःला फार दिवस आवरू शकेन असं वाटत नाही.